हीटर ५३८ अंशांवर का अडकला: कोरड्या हवेच्या सीपीचं बडोद्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एक छोटं युनिट आहे, इलेक्ट्रिक एअर हीटर बनवतात. युनिटचं नाव देत नाही, ग्राहकाचंही नाही, आणि ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत, पण आकडे एकमेकांशी जुळतील असेच ठेवलेत कारण ही सगळी गोष्ट आकड्यांचीच आहे. मालक दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरातले, साठी उलटलेले, शॉपवर सगळे त्यांना काकाच म्हणतात. डिझाइन बघते ती मुलगी कलाभवनातून शिकलेली, म्हणजे सयाजीराव महाराजांनी १८९० साली सुरू केलेली संस्था, जी आज विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे. मी त्यांच्याकडे हीट बॅलन्सच्या कामासाठी अधूनमधून जातो, त्यामुळे हे प्रकरण बऱ्यापैकी जवळून बघितलं.

ग्राहक एक केमिकल प्लान्ट. कॅटलिस्टवर, म्हणजे उत्प्रेरकावर, कार्बन साचतो, तो गरम हवेने हळूहळू जाळून काढावा लागतो, आणि त्या कॅटलिस्टला ओलावा अजिबात चालत नाही म्हणून हवा आधी ड्रायरमधून जाते, दवबिंदू उणे ४० अंश, म्हणजे व्यवहारात कोरडीच हवा. ऑर्डर अशी होती: तासाला १००० किलो हवा, ३५ अंशांना आत, ५५० अंशांना बाहेर, आणि इन्सुलेशनमधून जाणारी उष्णता एकूण विजेच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त नको.

साधारणपणे असा हीटर करताना १०-१५ टक्के मार्जिन ठेवतात. इथे ग्राहकाच्या फीडरला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या लाइनला, जागा नव्हती, त्यांनी सांगितलं की १५० किलोवॉटच्या वर जाऊ नका. डिझाइनच्या शीटमध्ये हिशेब आला: सेकंदाला ०.२७७८ किलो हवा, गुणिले सीपी (म्हणजे एक किलो हवा एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता, किलोज्यूलमध्ये) १.००५, गुणिले ५१५ अंश, बरोबर १४३.८ किलोवॉट. त्यावर ३ टक्के लॉस, झाले १४८. मग अडीच किलोवॉटचे ६० एलिमेंट घातले, बरोबर १५०, एलिमेंट ज्या भोकांच्या प्लेटवर बसतात त्या ट्यूबशीटवर जागा ६६ ची होती, उरलेली सहा भोकं ब्लँक प्लगने बंद केली. कागदावर सगळं बसलं होतं आणि शीट तपासणाऱ्या दोघांनाही त्यात खटकण्यासारखं काही दिसलं नाही.

अडचण

साइटवर ट्रायल लागली. फ्लो १००० ला स्थिर, थायरिस्टर (हीटरला जाणारी वीज कमी-जास्त करणारा स्विच) पूर्ण १०० टक्क्यांवर, मीटर १५० किलोवॉट दाखवतोय, आणि आउटलेट ५३८ वर जाऊन थांबलं. तीन-चार तास वाट बघितली तरी तिथेच. बारा अंश कमी.

ग्राहकाकडचे प्रोसेस इंजिनियर, तेही रावपुऱ्याचे मराठीच, त्यांनी तिथल्या तिथे कॅल्क्युलेटरवर हिशेब केला: हवेने घेतली ती उष्णता ०.२७७८ गुणिले १.००५ गुणिले ५०३, म्हणजे १४०.४ किलोवॉट. वीज गेली १५०. मग ९.६ किलोवॉट गेले कुठे? साडेसहा टक्के जवळजवळ. ते म्हणाले, "काका, तुमचं इन्सुलेशन गळतंय. तीन टक्क्यांची गॅरंटी आहे, वरच्या पत्र्याचं पूर्ण क्लॅडिंग उघडून नवीन करून द्या, शेवटचं पेमेंट त्यानंतर." त्यांच्या जागी कोणीही असतं तर हेच म्हणालं असतं, कारण समोर दिसणारा आकडा तसाच होता.

कोणाकोणावर संशय घेतला

व्होल्टेज आधी बघितलं, कारण हीटर कमी पडला की पहिला हात तिकडेच जातो. ४१४-४१५ होतं, ठीक. मीटर ट्रू आरएमएसचा, थायरिस्टर बर्स्ट फायरिंगचा (वेव्ह मध्येच न कापता पूर्ण वेव्ह चालू-बंद करणारा), त्यामुळे वेव्ह कापल्याने रीडिंग चुकण्याचाही प्रश्न नव्हता. थर्मोकपल के टाइप, कॅलिब्रेशन ताजं. एक शंका होती की लाल झालेल्या एलिमेंटचं रेडिएशन थेट त्यावर पडत असेल, पण तसं असतं तर ते जास्त दाखवतं, म्हणजे खरं तापमान ५३८ पेक्षाही कमी निघालं असतं आणि कोडं आणखी अवघड झालं असतं. शिल्ड लावून बघितलं, फरक अर्धा-एक अंश.

फ्लोमीटरवर मात्र बराच वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. प्लान्टमध्ये फ्लो नॉर्मल घनमीटरमध्ये मोजतात, १००० किलो म्हणजे ७७३ नॉर्मल घनमीटर, हे शून्य अंशांच्या हिशेबाने. कोणी १५ अंशांचा स्टँडर्ड घनमीटर धरला तर तीच हवा ८१६ होते. फरक साडेपाच टक्के! आपल्याला हरवलेली उष्णता साडेसहा टक्के आहे, त्यातली दोन-तीन टक्के खरोखरच लॉस असणार, म्हणजे ही एकच गफलत जवळपास सगळं समजावून सांगू शकली असती. डेटाशीट काढून ओरिफिसचा (फ्लो मोजणाऱ्या भोकाच्या प्लेटचा) बोअर, ट्रान्समीटरची रेंज, बेस तापमान सगळं तपासलं. शून्य अंशच होतं. फ्लोमीटर सुटला, निदान कागदावर तरी.

मग उरलं इन्सुलेशन, आणि एक आकडा ज्याच्याकडे अजून कोणी बघितलं नव्हतं. तो १.००५.

१.००५ कुठून येतो आणि पुढे का वाढतो

१.००५ किलोज्यूल प्रति किलो प्रति केल्विन हा आकडा अगदी बरोबर आहे, फक्त तो खोलीच्या तापमानाचा आहे, २७ अंशांचा. हवेचा गॅस कॉन्स्टंट ०.२८७, त्याला साडेतीनने गुणा, १.००४५ येतं. साडेतीन का, तर नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही दोन अणूंचे रेणू, इकडून तिकडे पळण्याचे दीड, गोल फिरण्याचा एक, आणि स्थिर दाबावर हवा फुगताना बाहेर काम करते त्याचा एक. आर्गॉन एकट्या अणूचा असल्याने त्याचे अडीचच, पण तो हवेत एक टक्क्याहूनही कमी.

पण रेणूतले दोन अणू एकमेकांच्या जवळ-लांब असे कंपही पावू शकतात. एकोणिसाव्या शतकातल्या हिशेबाने त्या कंपनालाही त्याचा वाटा मिळायला पाहिजे होता, म्हणजे साडेतीनचे साडेचार, आणि हवेची सीपी १.२९ च्या आसपास. प्रत्यक्षात मोजली की १ च्या जवळ यायची. मॅक्सवेलसारखा माणूस या गोष्टीने अस्वस्थ होता, आणि केल्विन यांनी १९०० सालच्या व्याख्यानात भौतिकशास्त्रावरचे दोन ढग म्हणून जे सांगितले त्यातला एक हाच होता. आइनस्टाइन यांनी १९०७ मध्ये घन पदार्थांसाठी वाट दाखवली: कंपनाची ऊर्जा थोडी थोडी घेता येत नाही, ठराविक मापाचा घोट घ्यावा लागतो, आणि तापमान कमी असेल तर तेवढा घोट परवडणारे रेणू फारच थोडे असतात. वायूंच्या रेणूंनाही तेच लागू पडतं.

तापमानाच्या भाषेत सांगायचं तर ऑक्सिजनसाठी हे माप साधारण २२७० केल्विन, नायट्रोजनसाठी ३३९० च्या आसपास. त्यामुळे ऑक्सिजन आधी जागा होतो. ३०० केल्विनला दोघंही जवळपास झोपलेले. ६०० केल्विनला, म्हणजे ३२७ अंशांना, ऑक्सिजनचा प्रत्येक रेणू नायट्रोजनच्या रेणूच्या तिप्पट वाटा घेतो, पण हवेत नायट्रोजन ७८ टक्के आणि ऑक्सिजन २१ टक्केच, म्हणून एकूण बेरजेत दोघांचा भाग जवळजवळ सारखा येतो. मला हा भाग फार आवडतो, कारण एका साध्या फॅक्टरीतल्या हीटरच्या बिलात क्वांटम सिद्धांत थेट किलोवॉटमध्ये दिसतो.

तक्त्यात बघा: २७ अंशांना १.००५, १२७ ला १.०१३, २२७ ला १.०२९, ३२७ ला १.०५१, ४२७ ला १.०७५, ५२७ ला १.०९९, आणि ७२७ ला १.१४ च्या आसपास. सुरुवातीला वाढ इतकी हळू आहे की १०० अंशांपर्यंत काम करणाऱ्याला ती कधी दिसतच नाही, एसीवाले आणि ड्रायरवाले आयुष्यभर १.००५ वापरतात आणि त्यांचं काहीही चुकत नाही. अडीचशे-तीनशेच्या पुढे ती लपत नाही. गॅस टर्बाइनवाल्यांना हे रोजचं आहे, आमच्या या हीटरच्या धंद्यात मात्र बहुतेक काम २०० अंशांच्या आतलं असतं, त्यामुळे शीटमधल्या त्या सेलला कोणी हात लावत नाही.

पर्याय

टेबलावर चार गोष्टी होत्या. इन्सुलेशन उघडून नवीन करणं, यात काकांचा मोठा खर्च आणि प्लान्टचे बरेच दिवस. फ्लोमीटर काढून लॅबला पाठवणं, यात भांडण लांबणार. फ्लो कमी करून ५५० गाठणं, ९७० किलोच्या आसपास हवेवर ते जमलं असतं, पण कार्बन जाळायला ऑक्सिजन तितका कमी जाणार, प्रोसेसवाल्यांनी साफ नाही म्हटलं. आणि चौथं, सरळ एलिमेंट वाढवणं.

काका वैतागून पहिल्याला हो म्हणणार होते. संबंध जुने, ग्राहक मोठा, करून टाकू एकदाचं असं त्यांचं चाललं होतं. तेव्हा ती मुलगी म्हणाली, "काका, क्लॅडिंग उघडायच्या आधी एक दिवस द्या. वेगवेगळ्या तापमानाला चालवून बघू. फ्लो चुकत असेल तर चूक सगळीकडे तेवढ्याच टक्क्यांची येईल, सीपी असेल तर वर जाताना वाढत जाईल."

या प्रकरणातला खरा निर्णय इथे झाला असं मला वाटतं. तीन वेगवेगळी कारणं एकाच तापमानाला बघितली तर एकसारखी दिसतात, सगळी मिळून फक्त "उष्णता कमी पडते" एवढंच सांगतात. तापमान बदललं की प्रत्येकाची चाल वेगळी.

काय केलं

फ्लो तोच ठेवून चार टप्पे घेतले: १५०, ३००, ४५० आणि शेवटी पूर्ण ताकद. प्रत्येक टप्प्याला आउटलेट आणि बाहेरचा पत्रा दोन्ही स्थिर होईपर्यंत थांबायचं, नाहीतर इन्सुलेशनच अजून उष्णता पीत असतं आणि ती लॉस म्हणून मोजली जाते. यातच दिवस गेला, दुपारी सेव उसळ मागवली ती हीटरच्या बाजूलाच उभ्याने खाल्ली.

१.००५ धरून वीज आणि हवेतली उष्णता यांतला फरक आला: १५० ला १.१ किलोवॉट, ३०० ला ३.२, ४५० ला ६.८, शेवटी ९.६. नुसता आकडा वाढणं साहजिक आहे, गरम वस्तू जास्त गळते. पण तापमानवाढीने भागलं तर तो जवळजवळ स्थिर राहायला हवा होता, आणि इथे तो पहिल्या टप्प्यापासून शेवटपर्यंत दुप्पट झाला. मग तेच टप्पे एन्थाल्पीच्या तक्त्यावरून काढले. एन्थाल्पी म्हणजे वाटेतली सगळी बदलती सीपी आधीच बेरीज करून ठेवलेली, आउटलेटची वजा इनलेटची केली की झालं. ३५ अंशांना ३०८.२, ५३८ अंशांना साधारण ८३४, फरक ५२५.९, गुणिले फ्लो, १४६.१ किलोवॉट. फरक उरला ३.९. खालचे टप्पे आले ०.९५, २.१ आणि ३.३. कागदावर मांडले तर जवळजवळ सरळ रेषा.

ग्राहकाकडचे इंजिनियर हुशार माणूस, त्यांनी लगेच बोट ठेवलं की रॉकवूलची, म्हणजे इन्सुलेशनची, वाहकता पण तापमानाबरोबर वाढते, मग लॉसची रेषाही वर वाकणारच, तुम्ही सगळं सीपीच्या खात्यात कसं टाकता. मुद्दा एकदम बरोबर होता. म्हणून लॉस स्वतंत्रपणे मोजला, हवेला मध्ये न आणता. थर्मल गन घेऊन पत्र्यावर मारली तर ४० अंश आलं, शेडमध्येच ३६ होते, म्हणजे लॉस जवळपास नाहीच! पण चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा स्वतः फार कमी रेडिएशन सोडतो आणि आजूबाजूचं परावर्तित करतो, गन त्याला फसते. काळी इलेक्ट्रिकल टेप पत्र्यावर जागोजागी चिकटवली, पाच-दहा मिनिटं थांबलो, टेपवर गन मारली, ६२ आलं. साधारण १० चौरस मीटर पत्रा, २६ अंशांचा फरक, त्यावरून तीन किलोवॉटच्या आसपास, आणि फ्लँज आणि टर्मिनल बॉक्सचा मिळून एक. बेरीज चार. एन्थाल्पीवाल्या ३.९ शी जुळलं. १५० तले ३.९ म्हणजे २.६ टक्के, गॅरंटीच्या आत.

आता एलिमेंट किती वाढवायचे हा प्रश्न. तक्त्यात ५५० अंशांसमोर १.१०४ दिसतं, ते बघून शॉपवरच्या एकाने सुचवलं की तेच घाला, सेफ बाजूला राहू. तसं केलं तर हवेलाच १५८ किलोवॉट लागतील असं उत्तर येतं, आठ किलोवॉट फुकट जास्त, कारण हवा पूर्ण वाटभर ५५० ला नसते. मधल्या तापमानाची, म्हणजे २९२ अंशांची, सीपी १.०४३ घेतली तर १४९.२. एन्थाल्पीने १४९.७. मधलं तापमान घेण्याची युक्ती थोडी कमी दाखवते कारण सीपीची रेषा सुरुवातीला सपाट आणि नंतर चढती आहे, पण घाईच्या अंदाजाला ती चालून जाते. १४९.७ अधिक चार, साधारण १५३.७ किलोवॉट लागणार.

ट्यूबशीटवर सहा जागा मोकळ्या होत्या. तीन एलिमेंट घातले, प्रत्येक फेजला एक, तर १५७.५ किलोवॉट आणि २१९ अँपिअर. सहाच्या सहा घातले तर १६५ आणि २३० अँपिअर, ब्रेकर २५० चा, पॅनेल उन्हाळ्यात तापलेलं. फीडरची अडचण ग्राहकाने पुन्हा सांगितली आणि तीनवर मिटलं. एलिमेंटचा खर्च काकांनी घेतला, क्लॅडिंग कोणी उघडलं नाही.

निकाल

५५० मिळालं, थायरिस्टर ९७-९८ टक्क्यांवर. रिजनरेशन, म्हणजे कॅटलिस्टवरचा कार्बन जाळून काढणं, नीट झालं, अडकलेलं पेमेंट सुटलं.

पण गोष्ट तिथे संपली नाही. ३ जादा एलिमेंटची ही व्यवस्था ४१० व्होल्टपर्यंतच पुरते, कारण पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने पडते, ४१५ चे ४१० झाले की १५७.५ चे १५३.७ होतात. दुपारी फीडरवर लोड आला की आउटलेट चार-पाच अंश खाली यायचं. मग डिसेंबर आला. ड्रायरमधून येणारी हवा ३५ ऐवजी २२ अंशांवर आली, तेवढ्या १३ अंशांसाठी आणखी ३.६ किलोवॉट लागले आणि हीटर पुन्हा काठावर, जरा व्होल्टेज हललं की कमी. शेवटी उत्तरायणाच्या सुमारास शटडाउन मिळालं त्यात उरलेले तीन एलिमेंट घातले, ग्राहकाने दुसरीकडचा लोड कमी करून फीडरवर जागा केली.

वेगळं काय करता आलं असतं

तीन की सहा, हा निर्णय मे महिन्यात घेतला गेला आणि मे महिन्याच्याच हवेवर घेतला गेला. त्या टेबलावर डिसेंबरचं इनलेट तापमान कोणी मांडलं असतं तर सहा एलिमेंटचा आग्रह धरता आला असता, आणि फीडरचं जे हिवाळ्यात केलं ते उन्हाळ्यात झालं असतं. बडोद्यात थंडी थोडेच दिवस असते हे खरं, पण प्लान्ट त्याही दिवसांत चालतो. मुलीने सीपीचा प्रश्न सुंदर सोडवला, आणि तो सुटल्याच्या आनंदात बाकीच्या अटी मागे राहिल्या, तिथे अनुभवी माणसांनी हात धरायला हवा होता.

मार्जिन कापण्याच्या वेळीही एक गोष्ट करता आली असती. १५ टक्के मार्जिन असताना सीपीचे ४ टक्के त्यात बुडून जातात, कोणाला कळतही नाही, इतकी वर्षं हेच होत आलं असणार. ग्राहक मार्जिन काढा म्हणाला तेव्हा हे मार्जिन आत्तापर्यंत काय काय झाकत होतं याची यादी करायची होती: बदलती सीपी, व्होल्टेज, इनलेट तापमान, एलिमेंटचा वॉटेज टॉलरन्स. नुसतं शेवटच्या गुणाकारातून १५ टक्के खोडून चालत नाही.

करारात "३ टक्के लॉस" लिहिलं होतं, तो कसा मोजायचा ते लिहिलं नव्हतं. आता काकांच्या ऑफरमध्ये हवेची उष्णता कोरड्या हवेच्या एन्थाल्पी तक्त्यावरून काढायची असं एक वाक्य असतं, आणि हवा वाळवलेली नसेल तर ओलावा वेगळा धरायचा हेही असतं. पावसाळ्यात हवेत किलोला २० ग्रॅम वाफ सहज असते, वाफेची सीपी १.८६, तेवढ्याने हवेची सीपी दीड-पावणेदोन टक्क्यांनी वर जाते, म्हणजे खोलीच्या तापमानालाच.

शीटमधला १.००५ चा सेल तिने काढून टाकलाय. त्याजागी इनलेट आणि आउटलेट तापमान टाकलं की तक्त्यातून दोन एन्थाल्पी उचलल्या जातात आणि शेजारी सरासरी सीपी दिसते, या हीटरला ती १.०४७ येते. खाली हिवाळ्याचं इनलेट आणि सर्वात कमी व्होल्टेज यांच्यासाठी दोन जादा ओळी आहेत, त्या भरल्याशिवाय एलिमेंटची संख्या उघडत नाही.